कुंडीतल्या मुळांना हवा हवी

जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या कुंड्या पाहिल्या की एक कोडे पडते. माती काळपट ओली असते, बोट लावले तर चिखल चिकटतो, आणि तरीही जास्वंदीची पाने मलूल होऊन लोंबत असतात. तुळशीची खालची पाने पिवळी पडून गळतात, जेडचा दांडा बुडाशी मऊ लागतो. मान टाकलेले झाड पाहून घरातले कोणीतरी मायेने आणखी तांब्याभर पाणी घालते. कोणी पिवळेपणा पाहून खत टाकते, तर कोणी माती लवकर वाळावी म्हणून कुंडी उचलून कडक उन्हात नेऊन ठेवते. हे तिन्ही उपाय चांगल्या हेतूने केले जातात आणि तिन्ही झाडाचे हाल वाढवतात, कारण तिघांचेही निदान चुकलेले असते. अतिपाण्याने आजारी पडलेल्या झाडाला पाणी स्वतः मारत नाही. त्या पाण्याने मातीतली हवा हुसकावून लावलेली असते आणि मुळे गुदमरत असतात. हे एकदा पटले की उपचाराची दिशा आपोआप ठरते. कोणताही उपाय करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : याने मुळांपर्यंत हवा पोहोचणार आहे का? पोहोचणार नसेल, तर तो उपाय कितीही लोकप्रिय असला तरी थांबवावा.

झाडे प्राणवायू देतात हे आपण शाळेत शिकतो. कदाचित त्यामुळेच झाडांनाही प्राणवायू लागतो ही गोष्ट मनातून निसटते. पाने उजेडात प्राणवायू तयार करतात खरे, पण मातीखाली अंधारात असलेल्या मुळांच्या वाट्याला त्यातला फारच थोडा येतो. बागेतल्या बहुतेक झाडांमध्ये पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणारी पुरेशी मोकळी वाट नसते. पानांकडून मुळांना मिळते ती साखर, आणि ती साखर जाळून ऊर्जा मिळवायला लागणारा प्राणवायू मुळांना आजूबाजूच्या मातीतूनच घ्यावा लागतो. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा पुरावा दिला. हॉर्स चेस्टनटच्या कोवळ्या रोपांची मुळे त्यांनी वेगवेगळ्या वायूंमध्ये ठेवली. ज्यांच्या मुळांभोवती साधी हवा होती ती रोपे टिकली. ज्यांच्या मुळांभोवती नायट्रोजन, हायड्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड होता ती मेली. पाणी जास्त झाले म्हणून ती मेली असे येथे म्हणताच येत नाही, कारण अडवला गेला होता तो फक्त प्राणवायू. दोनशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही कुंडीतल्या बहुतेक मृत्यूंचे कारण सांगून जातो.

चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून जाते आणि तिथे हवा शिरते; बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. शेतकरी ज्या अवस्थेला वाफसा म्हणतात, ती हीच : ओल आहे, पण चिखल नाही. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मातीचा कारभारच बदलतो. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर २५ अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. त्याहून मोठी अडचण वेगाची आहे. प्राणवायू हवेतून जितक्या झपाट्याने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. म्हणजे मुळांभोवतीचा साठा संपला की नवा पुरवठा जवळजवळ येतच नाही. मातीतले असंख्य सूक्ष्मजीवही त्याच साठ्यावर जगत असतात. उबदार मातीत मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून तो एक-दोन दिवसांत फस्त करतात. त्यानंतर मुळांना प्राणवायूशिवायच्या मार्गाने, म्हणजे किण्वनाने, दिवस काढावे लागतात. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जाचलनाचे, सुमारे ३० किंवा त्याहून जास्त रेणू मिळतात. किण्वनात फक्त २. इतक्या तुटपुंज्या कमाईवर मुळांची टोके फार काळ तग धरू शकत नाहीत. आणि पाणी व क्षार शोषण्याचे बहुतेक काम याच कोवळ्या टोकांमागच्या भागात चालते.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. माती ओली असताना पाने सुकतात, कारण गुदमरलेली मुळे पाणी आत घेत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याची यंत्रणा मांडली. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या झाडावर त्यांनी दाखवले की प्राणवायू तुटला की मुळांच्या पेशींतला द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेने पेशीपटलातली पाण्याची दारे बंद होतात. पाणी बाहेर तुंबलेले आणि दार आतून लावलेले, अशी ही स्थिती असते. त्यात इथिलीन या संप्रेरकाची भर पडते. गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा पूर्वद्रव्य-रेणू साचतो. त्याचे इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो, म्हणून तो रसाबरोबर वर पानांपर्यंत जातो आणि तिथे त्याचे इथिलीन बनते. टोमॅटोच्या रोपांत या इथिलीनमुळे पानाच्या देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि पान खाली झुकते. अशा झाडावर पाणी ओतणे म्हणजे नेमका त्रास वाढवणे. पिवळेपणाचेही तसेच आहे. पाण्याने भरलेल्या मातीतले काही जिवाणू प्राणवायू नसल्याने नायट्रेट वापरू लागतात आणि झाडाच्या वाट्याचे नत्र वायू होऊन उडून जाते. उरलेले नत्र उचलायला मुळांकडे ऊर्जा नसते. त्यामुळे पान उपाशी दिसते, आणि ते खरोखरच उपाशी असते. पण ताटात अन्न वाढून उपयोग नाही, कारण जेवणारे हातच निकामी झालेले आहेत. वरून टाकलेले रासायनिक खत मातीच्या पाण्यातले क्षार वाढवते, आणि दुखावलेल्या मुळांना पाणी ओढणे आणखी अवघड होते.

गुदमरणे हा पहिला घाव, आणि सडणे हा त्यामागून येणारा दुसरा. मृत मुळांवर पिथियम आणि फायटोफ्थोरा यांसारखे सूक्ष्मजीव तुटून पडतात. त्यांना सर्रास बुरशी म्हटले जाते, पण वंशावळीने ते खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांच्या जवळचे आहेत. त्यांचे बीजाणू शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहू शकतात. माती वाफशावर असेल तर त्यांना पोहायला सलग पाणी मिळत नाही. माती तुंबली की एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंतचा रस्ता मोकळा होतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे शत्रू चांगले माहीत आहेत. विदर्भातल्या संत्र्यावरचा डिंक्या रोग आणि मूळकूज फायटोफ्थोरामुळे होते. आले आणि हळदीची कंदकूज बऱ्याचदा पिथियममुळे होते. या पिकांसाठी सल्ला देताना जाणकार औषधाच्या आधी निचऱ्याचा विषय काढतात : उंच गादीवाफे करा, चर खोदा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. शेतातली ही शहाणीव गॅलरीत मात्र फारशी पोहोचलेली नाही. तिथे आपण आधी औषधाची बाटली शोधतो.

यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जातो. भात महिनोन् महिने पाण्यात उभा असतो, ठाण्याच्या खाडीत तिवर चिखलात वाढते, आणि घराघरांत मनी प्लांट बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे हिरवागार राहतो. मग पाण्याने मुळे गुदमरतात हे कसे मानायचे? आक्षेप योग्य आहे, आणि या तिन्ही उदाहरणांचा नीट विचार केला तर ती मूळ म्हणण्याला बळच देतात. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या सलग पोकळ्या असतात. पानांतला प्राणवायू त्यांतून थेट मुळांच्या टोकांपर्यंत उतरतो, आणि वाटेत तो बाहेर गळू नये म्हणून मुळांच्या बाहेरच्या थरात अडसरही तयार होतो. तिवराने यासाठी वेगळे अवयवच घडवले आहेत : चिखलातून वर आलेल्या, पेन्सिलीसारख्या दिसणाऱ्या श्वसनमुळ्या ओहोटीच्या वेळी हवा घेतात. मनी प्लांटची पाण्यात फुटलेली मुळे मातीतल्या मुळांपेक्षा वेगळ्या बांधणीची, अधिक पोकळ असतात. शिवाय बाटलीत माती नसल्याने प्राणवायू खाणारे सूक्ष्मजीव कमी असतात, आणि पाणी अधूनमधून बदलले की ताजा प्राणवायूही मिळतो. मातीविना शेतीत तर पोषणद्रव्याच्या पाण्यात मुद्दाम हवा खेळती ठेवतात. पाण्यात जगणाऱ्या प्रत्येक झाडाने हवेची सोय आधी केलेली आहे. जास्वंद, गुलाब, तुळस, अडेनियम, जेड, स्नेक प्लांट यांनी ती केलेली नाही. त्यांचा सगळा भरवसा मातीतल्या पोकळ्यांवर असतो.

दुसरा आक्षेप असा की याच जास्वंदीवर कोकणातल्या परसात चार महिने धो धो पाऊस पडतो, तरी तिला काही होत नाही. याचे उत्तर कुंडीच्या तळाशी आहे. जमिनीत पाणी खाली खाली उतरत जाते, कारण खाली मातीचा अखंड खांब असतो आणि तो पाणी ओढत राहतो. कुंडीत हा खांब काही इंचांवर तुटतो. तळाला भोक असले तरी भोकाखाली ओढणारी माती नसते. त्यामुळे निथळणे थांबल्यावरही तळाशी एक थर पाण्याने पूर्ण भरलेला राहतो. या थराची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या आकारावर नाही. बारीक, चिकट मातीत तो जाड असतो, भरड मिश्रणात पातळ. म्हणून उथळ कुंडीत मुळांना कोरडा भाग कमीच उरतो. हे पाहायचे असेल तर ओला स्पंज आडवा धरा. टपटप थांबल्यावर तोच उभा करा. लगेच आणखी पाणी गळेल. पाण्याचा खांब उंच झाला की तळावरचा भार वाढतो आणि अडून राहिलेले पाणी सुटते. एका फार रुजलेल्या समजुतीचा निकालही इथेच लागतो. कुंडीच्या तळाशी खडी, विटांचे तुकडे किंवा खापऱ्यांचा थर घातला की निचरा सुधारतो असे अनेक माळीसुद्धा सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात तोवर उतरत नाही, जोवर त्या सांध्यावरची माती पूर्ण भिजून जात नाही. म्हणजे पाण्याने भरलेला थर खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा किंवा खापरीचा एक तुकडा ठेवायला हरकत नाही. तीन इंच खडी मात्र नको. खडीचा उपयोग आहे, पण तो सगळ्या मिश्रणात कालवून. आपल्याकडे रोपवाटिकेतली रोपे बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. दख्खनची काळी माती तर भिजली की फुगते आणि पोकळ्या मिटवते. दोन्ही माती शेतात उत्तम. नुसतीच कुंडीत भरली तर मुळांची कोंडी करणारी.

उपचाराआधी निदान पक्के करावे, कारण तहानलेले झाड आणि गुदमरलेले झाड वरून सारखेच दिसते. कुंडी उचलून पाहणे ही सर्वांत भरवशाची तपासणी. पाणी देऊन चार-पाच दिवस झाले तरी कुंडी जड असेल, तर पाणी आत अडकले आहे. वरचा थर वाळलेला दिसतो म्हणून फसू नये. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी आणि तिची ओल पाहावी. भोकाजवळ नाक नेऊन वास घ्यावा. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. सडलेल्या मुळांना गटारासारखा आंबूस किंवा कुजट. तहानलेल्या झाडाची पाने कडेने कुरकुरीत होतात, अतिपाण्याची पाने मऊ आणि पिवळी होऊन गळतात. मे महिन्यात दुपारी माना टाकून संध्याकाळी ताठ होणारे झाड यातले काहीच नसते. ते फक्त उन्हाला तोंड देत असते. आणि एक उलटी शक्यताही लक्षात असावी. कोकोपीट जास्त असलेले मिश्रण एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारते, वरून ओतलेले पाणी कडेने वाहून ताटलीत येते, आणि पाणी भरपूर घातले असा समज होतो. अशी कुंडी उचलल्यावर हलकी लागते. तिला बादलीत अर्धा तास बुडवून ठेवणे हाच उपाय, आणि तो गुदमरलेल्या झाडाला घातक.

निदान झाले आणि झाड अजून ताठ उभे असेल, वास नसेल, दांडा घट्ट असेल, तर मुळांना हात लावू नये. माती उकरून मुळे पाहण्याची घाई अनेकदा उरलेली बारीक मुळेही तोडते. अशा वेळी पाणी थांबवावे, खालची ताटली काढून टाकावी आणि कुंडी एका बाजूला कलती करून विटेला टेकवून ठेवावी. स्पंजाचा नियम इथे कामाला येतो : कलत्या कुंडीत पाण्याचा खांब उंच होतो आणि तळाचे अडलेले पाणी बऱ्याच अंशी गळून जाते. भोक बुजले असेल तर खालून काडीने मोकळे करावे. वरच्या थराची पपडी खुरपीने हलकी फोडावी, पण खोल जाऊ नये. कुंडी पावसापासून आत घ्यावी, भिंतीपासून थोडी दूर आणि विटांवर ठेवावी, म्हणजे खालूनही हवा खेळेल. जागा भरपूर उजेडाची असावी, पण थेट उन्हाची नसावी. उन्हाबाबत अनेकांना शंका येते, कारण उन्हाने माती वाळते हे खरे आहे. पण ऊन पानांतून पाणी उडवण्याचा वेगही वाढवते आणि ते पाणी भरून द्यायला मुळे नसतात. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, उन्हात, मुळांची मागणी दुप्पट आणि पुरवठा आधीपेक्षाही कमी. माती वाऱ्याने वाळवावी. पंख्याची मंद झुळूक पुरते.

वास येत असेल, दांडा बुडाशी मऊ असेल किंवा चार-पाच दिवसांत सुधारणा नसेल, तर कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढणे टाळता येत नाही. इथे हयगय केली तर सड रोज पुढे सरकते. माती झटकून मुळे साध्या पाण्याने धुवावीत म्हणजे खरे चित्र दिसेल. जिवंत मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर आणि घट्ट असते. काही झाडांची निरोगी मुळे तपकिरीही असतात, म्हणून रंगापेक्षा चिमटीवर विश्वास ठेवावा. मेलेले मूळ बोटांत चेपते, त्याची साल मोज्यासारखी निसटते आणि आत नुसता दोरा उरतो. असे प्रत्येक मूळ निरोगी भाग लागेपर्यंत कापावे. कात्री स्पिरिटने पुसलेली असावी आणि मधूनमधून पुन्हा पुसावी. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नये. कुंडी साबणाने धुऊन वाळवावी. नवे मिश्रण भरड असावे : माती एक भाग, चाळलेले मुरलेले गांडूळखत अगदी थोडे, आणि उरलेल्या भागात जाडसर वाळू, पर्लाइट, भाताचे तूस किंवा विटेचा भरड चुरा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असते. आणि बांधकामातली धुळीसारखी बारीक वाळू पोकळ्या उलट बुजवते. सर्वांत जास्त चुका होतात त्या कुंडीच्या आकारात. झाड आजारी आहे म्हणून त्याला ऐसपैस मोठी कुंडी देण्याचा मोह होतो. पण उरलेल्या मूठभर मुळांभोवती टोपलीभर माती असली तर ती ओल शोषायला कोणी नसते, आणि तीच माती पुन्हा तुंबते. मुळांच्या जुडग्यापेक्षा बोटभर मोठी कुंडी पुरे. भाजलेल्या मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतून ओल बाहेर उडते.

पाने आणि फांद्या किती कापाव्यात याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. मुळे निम्मी गेली असताना सगळी पाने ठेवली तर पाण्याची मागणी पुरी होत नाही. उलट नवी मुळे फुटायला लागणारी साखर पानेच बनवतात, आणि मुळांना फुटवा देणारे ऑक्सिन कोवळ्या शेंड्यांत तयार होते. सरसकट निम्मे झाड छाटण्याचा सल्ला म्हणून पटत नाही. मेलेली आणि पूर्ण पिवळी पाने, कळ्या आणि फुले आधी काढावीत. मुळे फारच थोडी उरली असतील तरच कोवळ्या फांद्या कमी कराव्यात. तुळस, जास्वंद, कोलियससारख्या पातळ पानांच्या झाडांना लावल्यावर एकदा बेताने पाणी द्यावे आणि पूर्ण निथळू द्यावे. जेड, अडेनियम, निवडुंग, कोरफड यांची कापलेली टोके आधी सावलीत काही दिवस वाळू द्यावीत, कोरड्या मिश्रणात लावावीत आणि आठवडाभर थेंबही घालू नये. त्यांच्या अंगात साठा असतो.

घरगुती उपायांची यादी मोठी आहे, आणि त्यांनाही तीच कसोटी लावावी. हायड्रोजन पेरॉक्साइड मातीत ओतले की बुडबुडे येतात आणि प्राणवायू मिळाल्याचे समाधान वाटते. पण तो काही काळात संपतो, माती तुंबलेलीच राहते, आणि तीव्र द्रावण कोवळी मुळे भाजून काढते. हळद किंवा दालचिनीची पूड कापलेल्या जागी लावली तर कदाचित थोडी मदत होईल. चिकट मातीत लावलेल्या झाडाला ती वाचवणार नाही. ट्रायकोडर्माचे तसे नाही, ती रोगकारक जीवांशी खरी झुंज देणारी बुरशी आहे आणि शेतीत वापरली जाते. मात्र तिलाही हवेशीर मातीच लागते, म्हणून ती नव्या मिश्रणात घालावी. खत नव्या पानाची निरोगी वाढ दिसेपर्यंत अजिबात देऊ नये. त्यानंतरही प्रमाण निम्मे ठेवावे.

यानंतर धीर हेच काम उरते, आणि तेच सर्वांत अवघड. हवा परत मिळाली की झाड लगेच टवटवीत होत नाही. प्राणवायूशिवाय राहिलेल्या पेशींत तो अचानक परतला की काही काळ घातक, अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि नुकसान थोडे पुढेही चालते. म्हणून पहिल्या आठवड्यात आणखी दोन-चार पाने गळाली तर उपाय चुकला असे समजून पुन्हा कुंडी बदलू नये. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होणार नाही. बरे होण्याची खूण शोधायची ती शेंड्यावर : नवी पालवी, घट्ट दांडा, आणि कुंडीचे वजन पुन्हा दिवसागणिक कमी होऊ लागणे. वजन कमी होते आहे म्हणजे मुळे पाणी पिऊ लागली आहेत. उबदार हवेत याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. दरम्यान वरचे निरोगी शेंडे कापून वेगळे लावून ठेवणे शहाणपणाचे, कारण मुळे पूर्ण गेली असली तरी तुळस, जास्वंद, मनी प्लांट, जेड यांच्या छाटांना नवी मुळे फुटू शकतात. खोडच सडले असेल, तर कापत कापत आतून स्वच्छ, डागरहित भाग लागेपर्यंत वर जावे. तसा भाग लागलाच नाही तर ते झाड गेले असे मानावे आणि त्याची माती कचऱ्यात टाकावी, दुसऱ्या कुंडीत नव्हे.

शेवटी तुळशीचा प्रश्न उरतो, कारण तिला रोज पाणी घालणे हा अनेक घरांत श्रद्धेचा भाग आहे आणि तो सोडावा असे सांगण्याचे काही कारण नाही. अंगणातल्या वृंदावनात ऊन, वारा आणि बरीच माती असे, तिथे तांब्याभर पाणी सहज पचत होते. सदनिकेच्या खिडकीतल्या आठ इंची कुंडीत, पावसाळी ढगाळ हवेत, जिथे पानांतून पाणी उडण्याचा वेगच मंदावलेला असतो, तेच पाणी साचते. पूजेच्या वेळी पळीभर पाणी वाहावे. झाडाची खरी तहान भागवण्याचे पाणी मात्र कुंडी हलकी झाल्यावर, मातीचा वरचा इंच-दीड इंच कोरडा झाल्यावर, भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे पाणी कुंडीतल्या बहुतेक झाडांना वाईट, कारण दोन पाण्यांच्या मधला जो काळ हवेचा, तोच त्यात हिरावला जातो. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो यायच्या आधी, मेच्या अखेरीस, एक सकाळ काढून घरातल्या प्रत्येक कुंडीचे भोक मोकळे आहे का ते पाहा, ताटल्या चार महिन्यांसाठी उचलून ठेवा, आणि ज्या शोभिवंत कुंडीला भोकच नाही तिला भोक पाडून घ्या.